रांग नसलेला देव

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठल्या समाजाचं गं?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. सांगलीत कम्युनिटी म्हटलं की एकच अर्थ निघतो आणि तो शाळेच्या दाखल्यावर लिहिलेला असतो. समाज म्हटला की त्याचं एक मंगल कार्यालय असतं, एक पतसंस्था असते, वर्षातून एकदा वधू-वर मेळावा असतो आणि ऐपत असली तर एक कॉलेजही असतं.

"सगळ्यांचंच आहे, आई. जो येईल त्याचं."

"म्हणजे कुणालाही घेतात?"

"कुणालाही."

"मार्क?"

"विचारत नाहीत."

सासूबाईंनी हातातली भडंगाची वाटी टेबलावर ठेवली. "मग तिथं जाऊन मिळवलं काय?"

हा संवाद एप्रिलमधला, आमच्या सनीवेलच्या स्वयंपाकघरातला. सासूबाई पाडव्याला आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. बॅगेतून भडंग, मेतकूट, हळद आणि नातीच्या कॉलेजप्रवेशाचे पेढे वाटायची तयारी असं सगळं घेऊन. पेढ्यांचा प्रश्न मात्र अवघड होऊन बसला होता. लेकीला हव्या होत्या त्या चारही विद्यापीठांनी अत्यंत गोड भाषेत नकार कळवला होता. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, पण तिथं जायचा तिला उत्साह नव्हता. आणि एका रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं की ती घरापासून पंधरा मिनिटांवरच्या डी आन्झा या कम्युनिटी कॉलेजात जायचा विचार करतेय. आमच्या हातातले घास तिथंच थांबले.

नवरा सॉफ्टवेअरमधला. त्यामुळे आमच्याकडे भांडण होत नाही, एक्सेल शीट होते. दुसऱ्या दिवशी ती तयार होती. पहिला रकाना खर्चाचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसवर राहून-खाऊन शिकायचं तर वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर जातात. डी आन्झाला एका युनिटला ३१ डॉलर. टर्मला पंधरा युनिट आणि वर्षाच्या तीन टर्म धरल्या तर चौदाशेच्या आत बसतं, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. नवऱ्यानं आलेख काढला तर चाळीस हजारांच्या खांबाशेजारी चौदाशेचा खांब दिसेचना. त्याला वाटलं फॉर्म्युला चुकला. दोन वर्षं इथं काढायची, तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची. युनिव्हर्सिटीचे सहा कॅम्पस तर असे आहेत की ठरलेले विषय ठरलेल्या मार्कांनी पार केले की ते प्रवेशाची आधीच लेखी हमी देतात. आणि शेवटी पदवीवर नाव त्या युनिव्हर्सिटीचंच.

बेरीज केली की दर वेळी डी आन्झा पहिलं यायचं. नवरा अस्वस्थ व्हायचा आणि गुणांकन बदलायचा. तिसऱ्या रात्री मी पाहिलं तर 'नेटवर्किंग' नावाच्या रकान्याला त्यानं विसाचे पस्तीस टक्के केले होते.

"म्हणजे नक्की काय रे हे?"

त्यानं बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग खरं सांगितलं. "लोक काय म्हणतील."

लोक काय म्हणतात ते कळायला वेळ लागला नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंड-पुरीच्या रांगेत उभी होते. एप्रिलमध्ये बारावीतल्या मुलांच्या आयांना इथं दुसरं काही विचारत नाहीत. काही कॉलेजांची नावं अशी असतात की ती उच्चारली की संभाषण संपतं. ऐकणारा "अरे वा" म्हणतो आणि श्रीखंड घेतो. काही नावांना मात्र पुढं शेपूट जोडावं लागतं. मी "डी आन्झा" म्हटलं आणि समोरच्या बाईंनी नुसती मान हलवली, थांबल्या. मला वाक्य पुरं करायची संधी देत होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, "सध्या."

आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मला आमची आई आठवली.

माझ्या दादाला १९८९ साली दहावीला ६८ टक्के पडले. तेव्हाच्या आमच्या घरात ही दुःखद घटना होती. सायन्सला कॉलेज बरं मिळेना, म्हणून तो तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेला. त्यानंतरची तीन वर्षं आई प्रत्येक लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवात एकच वाक्य बोलत होती : "सध्या डिप्लोमा करतोय." त्या 'सध्या'त सगळं होतं. थोडी क्षमायाचना होती, थोडी धमकी होती. डिप्लोमा करून तो इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. पहिल्या वर्षापासून तिथं असलेल्या हुशार पोरांना लेथवर जॉब कसा पकडायचा ते यानं शिकवलं, आणि गणित त्यांनी याला शिकवलं. पुढं त्याच्या लग्नपत्रिकेवर नावापुढं बी. ई. (मेकॅनिकल) छापलं. डिप्लोमाचा कुठं उल्लेख नाही. तो शब्द आमच्या घरातून नाहीसा झाला तो आजतागायत. पस्तीस वर्षांनी, आठ हजार मैलांवर, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन मी तेच करत होते.

रात्री झोप येईना म्हणून मी या कॉलेजांचा इतिहास वाचत बसले. माझी ही खोड आहे. ताप आला की मी तापाचा इतिहास वाचते. तर, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या डोक्यातली ही कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर शिकवली तर विद्यापीठाला खऱ्या कामाला मोकळीक मिळेल, असा त्यांचा व्यवहारी हिशोब. सुरुवातीला विद्यार्थी सहा. आमच्या मंडळाच्या एकांकिकेत याहून जास्त पात्रं असतात. पुढं ते लोण पसरत कॅलिफोर्नियात आलं. १९१० मध्ये फ्रेस्नोला पहिलं, आणि आता या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

पण मला थांबवलं ते १९६० सालानं. त्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरीला कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन कायद्यात आणला. म्हणजे तिकडं मुंबईत महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची रोषणाई चालू होती, त्याच आठवड्याच्या आसपास. त्या योजनेत शाळा पास झालेल्या मुलांची वाटणी अशी : वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशाला स्टेट युनिव्हर्सिटी, आणि उरलेल्या सगळ्यांना, अक्षरशः सगळ्यांना, ही कॉलेजं. मला हे ओळखीचं वाटलं. फर्स्ट लिस्ट, सेकंड लिस्ट, थर्ड लिस्ट. सांगलीत कॉलेजच्या काचेच्या फलकाला नाक लावून मीही त्या वाचल्यात. फरक एवढाच की आमच्या तिसऱ्या लिस्टमधून पहिल्या लिस्टमधल्या घरात जायला जिना नव्हता. इथं तो मुद्दाम बांधलाय. शिवाय तेव्हा फीसुद्धा नव्हती. राज्यभर फी सुरू झाली ती १९८४ साली, युनिटला पाच डॉलर, आणि त्यावरूनही लोक खवळले होते.

इथपर्यंत मन हलकं झालं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पुढं बर्टन क्लार्क भेटले. या समाजशास्त्रज्ञांनी त्याच १९६० साली अशा एका कॉलेजवर पुस्तक लिहिलं, 'द ओपन डोअर कॉलेज'. आणि ते कॉलेज कुठलं, तर आमच्या शेजारच्या सॅन होजेतलं. त्यांचं म्हणणं असं की दार सगळ्यांना उघडं असतं, पण आत गेल्यावर बऱ्याच जणांना हळूहळू, समुपदेशकाच्या खोलीत, गोड बोलून थंड केलं जातं. चार वर्षांची पदवी घ्यायला आलेला पोरगा मग स्वतःच म्हणू लागतो, आपल्याला काय करायचीय पदवी. याला त्यांनी 'कूलिंग आउट' म्हटलं. हा शब्द मुळात ठगांच्या बोलीतला. लुबाडलेल्या गिऱ्हाइकानं बोंब मारू नये म्हणून टोळीतला एक जण मागं थांबून त्याची समजूत घालतो, ते. रात्री दोन वाजता आईनं वाचायची ही गोष्ट नव्हे. कारण ट्रान्सफर घेईन म्हणून आलेली बरीच मुलं कधीच ट्रान्सफर होत नाहीत, हे खरंच आहे. कुणी नोकरीला लागतं, कुणाचे विषय चुकतात, कुणी नुसतंच विरघळून जातं.

अशा वेळी लोक नावं सांगतात. ॲपलचे स्टीव्ह वोझनियाक डी आन्झात शिकले होते. टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजचे. आपल्याकडं नापास मुलाच्या आईला सचिन तेंडुलकरचं नाव सांगतात, त्यातलाच हा प्रकार. त्या आईचा मुलगा तेंडुलकर नसतो हीच तर तिची अडचण असते.

सकाळी मी लेकीला विचारलं, "तू तिथं जाऊन थंड तर होणार नाहीस ना?"

तिला वाटलं मी एसीबद्दल बोलतेय. मग सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आई, मला काय व्हायचंय ते मला माहीत नाही. आणि ते चाळीस हजारांत माहीत नसण्यापेक्षा चौदाशेत माहीत नसलेलं बरं, नाही का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मला काय व्हायचंय हे मलाही कधी माहीत नव्हतं, पण ते कुणाला कळायच्या आत मी इंजिनिअर झाले होते. दहावीला ८९ टक्के होते. एवढे टक्के पडल्यावर आर्ट्सला जाणं म्हणजे सोन्याच्या वाटीत सांडगे तळण्यासारखं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय माझ्या मार्कांनी घेतला. तेव्हा मला त्यांचा फार आधार वाटायचा.

मग आम्ही एका शनिवारी सगळे कॉलेज बघायला गेलो. पार्किंगमध्ये उतरले आणि मी हसायलाच लागले. आम्ही नवे नवे आलो होतो तेव्हा याच पार्किंगमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुना बाजार भरायचा. आमच्या संसारातली पहिली खुर्ची आम्ही इथं सात डॉलरला घेतली होती. एक पाय आखूड असलेली ती खुर्ची अजून गॅरेजमध्ये आहे. म्हणजे ज्या जागेची आता लाज वाटत होती, तिथूनच आमचं घर सुरू झालं होतं. नवऱ्याला आठवत होतं ते वेगळंच. याच आवारातल्या फ्लिंट सेंटर नावाच्या सभागृहात २४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्सनं पहिला मॅकिंटॉश जगाला दाखवला होता. नवरा ते सभागृह शोधत निघाला, माणसं गाभारा शोधतात तसा.

सासूबाई मात्र माणसं बघत होत्या. ओपन हाउसचा कार्यक्रम होता, त्यामुळे गर्दी होती. नर्सच्या कपड्यांतली बाई, कडेवर मूल घेतलेली बाई, कानात डूल घातलेली पोरं, कसल्याशा वर्कशॉपच्या बुटांतला पन्नाशीचा गडी. एक पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ झाडाखाली कागद चाळत बसले होते. सासूबाईंनी पदर सारखा केला, जवळ जाऊन नमस्कार केला आणि निवृत्त मास्तरणीच्या इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही कुठला विषय शिकवता?" ते गडबडून उठले. म्हणाले, "बाई, मी आजच नाव घालायला आलोय. तुम्ही कुठला शिकवता?"

परत येताना गाडीत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण निवड नाही ना कसली. निवड नसली की किंमत राहत नाही."

याचं त्यांना आयुष्यभराचं प्रमाण आहे. सासूबाई रांगेच्या देवाच्या भक्त. तुळजापूर, सिद्धिविनायक, शिर्डी. किती तास उभं राहिलो ते त्या दर्शनाच्या आधी सांगतात. आमच्या सांगलीच्या घराच्या कोपऱ्यावर एक मारुती आहे. शेंदूर फासलेला, दार नसलेला, चोवीस तास उघडा. रिक्षावाले जाता जाता हँडलवरचा हात उचलून त्याला नमस्कार करतात. त्याला नवस बोललेला मी तरी सासूबाईंना ऐकलेलं नाही. त्याला म्हणे जागृतपणा कमी. जो कधी दार लावतच नाही तो झोपणार तरी कधी, असं मला वाटायचं, पण सुनेनं हे बोलायचं नसतं.

मी दुसरं बोलले. "आई, तुमच्या शाळेत कुणाला परत पाठवत होते का हो?"

सासूबाई तीस वर्षं रयत शिक्षण संस्थेत होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांचा विषय निघाला की त्या 'अण्णा' म्हणतात, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं, जरी त्यांनी अण्णांना कधी पाहिलेलं नाही. अण्णांनी १९१९ साली संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे सांगताना सासूबाईंचा आवाज आजही भरून येतो. त्यांच्या वर्गात ऊसतोड मजुरांची पोरं असायची. हंगाम संपवून उशिरा येणाऱ्यालाही त्या बसवून घ्यायच्या. मार्क कुणी विचारले नव्हते.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोन सिग्नल गेले.

"ते वेगळं होतं," त्या म्हणाल्या.

कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं. ती दुसऱ्यांची पोरं होती.

१ मे उजाडला. आपल्यासाठी महाराष्ट्र दिन. इथं बहुतेक कॉलेजांत जागा पक्की करून पैसे भरायची शेवटची तारीख. त्या दिवशी बारावीतली मुलं आपापल्या कॉलेजचं नाव छापलेला टी-शर्ट घालून शाळेत जातात, सामुदायिक फोटो निघतो. सकाळी आमच्या घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. लेक खाली आली ती मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा भगवा टी-शर्ट घालून. छातीवर मोठ्या अक्षरांत 'जय महाराष्ट्र'. संध्याकाळी म्हणाली, तीन जणांनी विचारलं हे कॉलेज कुठल्या राज्यात आहे, आणि एकानं सांगितलं की त्यानंही तिथं अर्ज केला होता.

त्या रात्री नवऱ्यानं एक्सेल शीट बंद केली. 'नेटवर्किंग'चा रकाना उडवला की नाही ते मी पाहिलं नाही. एक रकाना मात्र मीच त्याला कधी करू दिला नव्हता, तो इथं सांगून टाकते. डी आन्झा घरापासून पंधरा मिनिटांवर. म्हणजे लेक आणखी दोन वर्षं घरी. माझ्या खोलीशेजारी रात्री एकला मॅगी उकळण्याचा आवाज, बेसिनवर केसांचे रबर, "आई, माझा चार्जर बघितलास?" या सगळ्याला काही टक्के द्यायचे म्हटले असते तर बाकीच्या रकान्यांना काही उरलंच नसतं. अठरा वर्षांच्या मुलीनं घराबाहेर पडून शिकावं हे मला पटतं. मी स्वतः हॉस्टेलवर राहिले, तिथं शिकले ते वर्गात शिकले नाही. तिचं ते राहणार हे दिसत होतं, आणि तरी मला बरं वाटत होतं. म्हणून माझं मत फारसं धरू नये.

जुलैमध्ये विषयांची नोंदणी झाली. तेव्हा कळलं की दार उघडं असलं तरी वर्गातल्या खुर्च्या मोजक्याच असतात. इंग्रजीच्या वर्गात लेक वेटिंग लिस्टवर सात नंबरला होती. माझा जीव खालीवर व्हायला लागला. सासूबाई शांत होत्या. महालक्ष्मी एक्सप्रेसनं उभा जन्म प्रवास केलेल्या बाईला वेटिंग सात म्हणजे काहीच नाही. "होतंय कन्फर्म," त्या म्हणाल्या. "चार्ट लागेपर्यंत वाट बघायची." चार्ट लागला. झालं कन्फर्म.

ऑगस्ट वाईट गेला. एकेक मैत्रीण नव्या चादरी, उशा, छोटा फ्रिज गाडीत भरून निघून गेली. लेक प्रत्येकीला सोडायला जायची, मिठ्या मारून यायची, आणि आल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्याच ताकभात खायची. चौथ्या मैत्रिणीनंतर तिनं विचारलं, "मी चुकले का गं?" मी म्हटलं, लिंबाचं लोणचं हवंय का. तिनं मान हलवली. मी वाढलं.

सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी लेकीला सोडायला मी गाडी काढली. सासूबाई देवापुढं साखर ठेवून, नातीच्या हातावर दही घालून, स्वतःही मागच्या सीटवर येऊन बसल्या. पंधरा दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. स्टेलिंग रोडला वळलो आणि थांबलो. पुढं गाड्याच गाड्या. पार्किंगच्या फाटकातून निघालेली गाड्यांची शेपटी सिग्नल ओलांडून पार इकडे आली होती. पाच मिनिटांत आम्ही दोन गाड्या पुढं सरकलो. लेक घड्याळ बघायला लागली, मग दप्तर घेऊन उतरलीच आणि "चालत जाते, बाय आजी" म्हणत गाड्यांच्या कडेनं पळाली.

मला वाटलं सासूबाई वैतागल्या असतील. मागं वळून पाहिलं तर त्यांनी काच खाली केली होती आणि मान बाहेर काढून त्या गाड्या मोजत होत्या.

"बरीच रांग आहे की गं," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला.